छापखान्याकडे निघालेली पेटी

दातांच्या डॉक्टरांच्या दाढेत मधमाश्यांनी घर केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. दाढ म्हणजे तोंडातली नव्हे. दवाखान्याच्या दारावर टांगलेली लाकडी दाढ, पांढऱ्या रंगाची, आत एखादी मांजर पिलांसकट नांदेल एवढी पोकळ. तिच्या एका मुळाशी भोक राहून गेलं होतं. त्या भोकातून एके दिवशी अख्खा थवा आत शिरला आणि दाढ गुणगुणायला लागली. दाढ ठणकते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गुणगुणणारी दाढ गावाने पहिल्यांदाच ऐकली. रोगी गाल धरून दारापर्यंत येत, वर बघत आणि "थांबली हो दुखायची" म्हणून आल्या पावली परत जात. नुसत्या दर्शनाने इतके रोगी बरे करणारा दवाखाना दुसरा झाला नसेल.

आत गेल्या त्या एकट्या चौकशीकाकू. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली होती. जन्मभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता त्यांचे स्वतःचे प्रश्न तुंबून राहिले होते, ते निवृत्तीनंतर बांध फुटल्यासारखे वाहायला लागले. दुधात पाणी किती, इथपासून चंद्र कुणाचा, इथपर्यंत काहीही. त्या खुर्चीत बसल्या, डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला, तरी त्यांनी विचारलंच, "आआ आं ओऊं ऑ?"

दातांच्या डॉक्टरांना ही भाषा येते. "राणी आत असली की बाकीच्या मागोमाग येतात म्हणे," ते म्हणाले.

"ऑं आऑ?"

"कुणी सांगितलं ते विचारू नका. तोंड उघडं ठेवा."

दाढ ज्याने घडवली त्या सुतारमामांना बोलावणं गेलं. मामांनी कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. "मी केलेल्या खुर्च्यांवर कुणी इतकं मन लावून बसलं नाही आजवर," ते म्हणाले. दाढ फोडायला त्यांचा जीव होईना, माश्या मारायला डॉक्टरांचा होईना, आणि काकूंना तर आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय रात्री झोप लागेना. अशा रीतीने तीन अडलेली माणसं एकत्र आली आणि मधमाशी मित्र मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष डॉक्टर, खजिनदार मामा, चिटणीस काकू. सभासद कुणी नव्हतंच, सगळे पदाधिकारी.

वाचनालयातून एक जीर्ण पुस्तक आणलं. मामांनी त्यातल्या चित्रावरून पेटी बनवली. आत फडताळातल्या फायलींसारख्या उभ्या चौकटी, पुढे माश्यांना ये-जा करायला बारीक फट. एका संध्याकाळी दाढेचं झाकण उचकटून पोळ्याचे तुकडे चौकटींना बांधले, तेही हिरडी शिवायच्या दोऱ्याने, कारण डॉक्टरांना दुसरी गाठ येतच नव्हती. राणीमाशी काड्यापेटीत बसून आली. माशी मोजून एकच चावली, ती अध्यक्षांना, नाकाच्या शेंड्यावर. शिष्टाचार त्यांनाही कळतो, असं मामा म्हणाले.

पेटी ठेवायची कुठे, तर काकूंच्या गच्चीवर. दवाखाना गावाच्या एका टोकाला आणि काकूंचं घर दुसऱ्या टोकाला, मध्ये नदी आणि दोन टेकड्या. एवढा प्रवास करून आलेल्या माश्या दुसऱ्या सकाळी बाहेर आल्या, गच्चीभोवती गिरक्या घालून आजूबाजूचं सगळं नीट न्याहाळलं आणि जणू इथेच जन्मल्या अशा थाटात कामाला लागल्या.

घर दोघा भावांचं. खाली काकू, वर त्यांच्या थोरल्या जाऊबाई. गच्चीचा जिना जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारावरून जायचा, म्हणजे मंडळाला रोज सकाळी त्या दारावरून जावंच लागे आणि रोज सकाळी दारात जाऊबाई उभ्या असत.

"चपला!" त्या म्हणत. "जिना काय तुमच्या तीर्थरूपांनी पुसलाय? आणि डॉक्टर, ते माश्यांना धूर द्यायचं धुराडं माझ्या दारात पेटवू नका. माझे पडदे तुमच्या मंडळाचे सभासद नाहीत."

मग आतून चहा येई. चुकून जास्त झाला म्हणून. रोज तो चुकून तीनच कप जास्त होई आणि रोज जाऊबाई त्याचा त्रागा करत. थोरले दीर कानाने अधू होते. बायकोचा आवाज चढला की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत आणि मंद हसत बसत. भिंतीशी भांडावं तर भिंतही निदान प्रतिध्वनी देते, इथे तेवढंही नव्हतं.

एके दिवशी माशी साखरेच्या डब्यात निघाली आणि जाऊबाईंनी दोघे भाऊ, डॉक्टर आणि मामा यांच्या देखत जाहीर केलं, "या घरात एक तर माश्या राहतील, नाही तर मी!"

"डंख कुणाचा बरा, ते बघून ठरवू," काकूंचे यजमान पुटपुटले आणि त्या दिवशी वरून येणाऱ्या भाजीला मुकले.

जाऊबाई बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. गच्ची गळते म्हणून डांबर घालून घ्यायचं कधीचं ठरत होतं, ते त्यांनी आता ठरवूनच टाकलं. मुकादम येऊन गच्ची बघून आणि जाऊबाईंची 'माश्या राहतील नाही तर मी' ही घोषणा ऐकून गेला. माणूस सरळ होता, पण स्पष्ट. "पुढच्या महिन्यात येतो. आलो की गच्ची मोकळी पाहिजे. माझी माणसं उकळतं डांबर घेऊन फिरणार, तिथे माशी चावून कुणी नाचलं तर पाय भाजतील. पेटी दिसली तर आधी औषध फवारणार, मग झाडू मारणार. नंतर रडायचं नाही."

 माश्या आता काकूंना ओळखीच्या झाल्या होत्या. सकाळी फटीशी बसून कोण कुठल्या रंगाचा पराग पायाला लावून आली, हे बघण्यात त्यांचा तास निघून जाई. त्यांच्या नव्या प्रश्नांपैकी निम्मे त्या फटीतून आत गेले होते आणि उत्तरं अजून बाहेर यायची होती.

शेजारी छापखाना होता. त्याची गच्ची या गच्चीला लागूनच, मध्ये गुडघाभर कठडा. मालक म्हणाला, "आणा खुशाल. माझ्या यंत्रांच्या खडखडाटात तुमचं गुणगुणणं कुणाला ऐकू येणार?" मंडळ निश्चिंत झालं. नदी आणि टेकड्या ओलांडून पेटी आणली होती, मग एक गच्ची ओलांडायला कितीसा वेळ! एका संध्याकाळी फट बंद करून तिघांनी पेटी उचलली, कठड्यापलीकडे ठेवली, फट पुन्हा उघडली आणि चहा पिऊन घरी गेले.

सकाळी काकू वर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. छापखान्यावर पेटी गप्प होती. आणि इकडे, जुन्या जागी, रिकाम्या हवेत, बरोबर पेटीच्या फटीच्या उंचीवर माश्यांचा घोळका घुटमळत होता. येत होत्या, थबकत होत्या, मागे जाऊन पुन्हा येत होत्या. हवेला जणू दार होतं आणि त्यांच्या तोंडावर कुणी ते लावून घेतलं होतं. काकूंना राहवेना. त्यांनी त्या नसलेल्या दारात हात घातला. माश्या हाताला वळसा घालून पुन्हा तिथेच आल्या.

पेटी धावतपळत परत आणली. माश्या अशा काही आत घुसल्या, की शाळा सुटल्यावर पोरंही इतकी ढकलाढकली करत नसतील.

"पण हे कसं?" काकू म्हणाल्या. "नदीपलीकडून आणल्या तर रुळल्या आणि चार पावलं नेल्या तर हरवल्या?"

डॉक्टर पुस्तक चाळत राहिले. मामा बिडी न पेटवता ओठात धरून बसले होते, ते म्हणाले, "त्यात काय! तुम्ही परगावी गेलात की सगळं नवं, डोळे उघडे ठेवून चालता. घराच्या आसपास कोण बघून चालतंय? पाय नेतील तिकडे जातो माणूस. माझं दुकान पलीकडच्या गल्लीत हलवलं, तर महिनाभर मी जुन्या कुलपाला किल्ली लावत होतो."

मग प्रयोग सुरू झाले. पेटी दोन हात सरकवली, तर अर्ध्या माश्या चुकल्या. एक हात सरकवली, तर जरा गांगरल्या आणि लगेच सापडली. उत्तर मिळालं. रोज एक हात! मामांनी पेटीच्या घडवंचीला बाबागाडीची चाकं बसवली. रोज उजाडता काकूंनी पेटी एक हात पुढे ढकलायची, म्हणजे मुकादम येण्याआधी ती आरामात छापखान्यावर पोचेल, असा हिशेब झाला.

आणि इथून पुढे जे घडलं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याने बघावं. काकू रोज पेटी पुढे ढकलत होत्या आणि पेटी होती तिथेच होती.

आधी वाटलं, डोळ्यांचा भास. मग वाटलं, गच्चीला उतार असेल. मामांनी पाणसळ लावून बघितली, उतार होता, पण उलट्या बाजूला. "म्हणजे पेटी चढ चढून परत येते," ते गंभीरपणे म्हणाले. डॉक्टरांनी सिद्धान्त मांडला. सगळ्या माश्यांनी एकदम एकाच दिशेने पंख मारले, तर जोर येऊ शकतो.

"मग त्यांना छापखान्याकडे पंख मारायला सांगा," काकू म्हणाल्या. "आपले कष्ट वाचतील."

काकूंनी चाकांपाशी खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पेटी मागे आणि रेघ गायब, ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेली.

"घ्या," मामा म्हणाले. "माश्यांकडे फडकंसुद्धा आहे."

पण आता काकूंच्या नाकाला वास लागला होता. माशी रेघ पुसत नाही. रेघ पुसतं ते माणूस, आणि तेही नीटनेटकं माणूस. दुपारी घर झोपलं तेव्हा त्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीमागे जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने जिन्याचं दार करकरलं आणि डोक्यावरून पदर, हातात फडकं अशा जाऊबाई आल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, रेघ पुसली, घडवंची दोन्ही हातांनी धरली आणि "चला, चला, फार भटकू नये," असं म्हणत पेटी बरोबर एक हात मागे ओढून घेतली.

काकू चादर चावत उभ्या राहिल्या. माश्या राहतील नाही तर मी, असं चारचौघांत गरजलेली ही बाई! आणि मग त्यांचं लक्ष जाऊबाईंच्या काकडीच्या वेलाकडे गेलं. दरवर्षी फुलून नुसताच गळणारा वेल यंदा काकड्यांनी लगडला होता. पेटी त्याच्याच शेजारी. अस्सं! शब्द मागे घेता येत नव्हता, म्हणून बाई पेटी मागे घेत होत्या.

काकू मनात हसल्या. हा गुंता सोडवणं सोपं होतं. दुसऱ्या सकाळी जाऊबाईंच्या दाराशी थांबून त्या मामांना मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "बरं का मामा, माश्या मैलभर लांबून फुलांवर येतात. पेटी छापखान्यावर गेली, तरी इथल्या वेलाला एक माशी कमी पडायची नाही."

"मला काय करायचंय?" आतून आवाज आला. "चपला!"

दुपारी काकू पुन्हा चादरीमागे. जाऊबाई आल्या आणि पेटी एक हात मागे ओढून गेल्या.

म्हणजे काकडी नव्हे. काकूंचं उत्तर चुकलं होतं. चौकशीच्या खिडकीत असं कधी झालं नव्हतं आणि त्या रात्री त्यांना जेवण गोड लागेना. मुकादमाचा निरोप आला होता, येत्या सोमवारी डांबर घालणार. पेटी छापखान्यापासून होती तितकीच लांब. जाऊबाईंना सरळ विचारावं, तर त्या जन्मात कबूल करणार नाहीत. उलट हट्टाला पेटून स्वतः औषध फवारतील. मग यांना हवंय तरी काय?

उत्तर आलं ते डॉक्टरांच्या तोंडून आणि तेही चुकून. जिना चढता चढता ते म्हणाले, "एकदा का पेटी पलीकडे गेली, की छापखान्याच्या जिन्याने वर जायचं. सुटलो! तिथे चपलांवरून ओरडणारं कुणी नाही."

आत काहीतरी खळकन पडलं. काकूंनी वळून पाहिलं. जाऊबाई गाळणं हातात धरून उभ्या होत्या, ओट्यावर तीन कप मांडलेले होते आणि चहा गाळण्याबाहेर वाहत होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मागे थोरले दीर खिशातल्या यंत्रावर हात ठेवून मंद हसत बसले होते.

काकूंना एकदम सगळं दिसलं. काकडी कशाची? रोज सकाळी तीन माणसं जिन्याने येत होती, बोलणी खात होती, उलटून बोलत होती. पेटी पलीकडे गेली, की त्या दारावरून कुणीच जाणार नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "जाऊबाई, चहा सांडतोय."

"मला दिसतंय!" जाऊबाई ओरडल्या. "डॉक्टर, चपला!"

सोमवार उजाडला. मुकादम माणसं घेऊन वर आला. खाली रस्त्यावर डांबराची कढई धगधगत होती. गच्चीच्या त्याच कोपऱ्यात पेटी तशीच आणि माश्यांची ये-जा जोरात. मंडळ पेटीपुढे आडवं उभं राहिलं. डॉक्टरांनी जाळीची टोपी घातली होती, मामांच्या हातात रंधा होता आणि काकूंच्या हातात काहीच नव्हतं.

"सांगितलं होतं की नाही?" मुकादम म्हणाला. त्याने फवारणीचा पंप पाठीवर चढवला. "बाजूला व्हा काकू."

"नाही होणार."

"मग खाली मालकीणबाईंना विचारतो. त्यांनीच सांगितलंय, माश्या मारा."

"कोणी सांगितलंय?"

जिन्याच्या दारात जाऊबाई. हातात लाटणं. मुकादमाचा चेहरा खुलला. "या बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाला होतात ना, माश्या राहतील नाही तर मी?"

"म्हणाले होते. आजही म्हणते. मी शब्द फिरवत नाही."

"मग मारू?"

"तुम्ही कोण मारणारे?" जाऊबाई पुढे आल्या. "भांडण माझं आणि माश्यांचं आहे. त्यांना मारायचं झालं, तर मी मारीन, माझ्या सवडीने. परक्या माणसाने माझ्या भांडणात नाक खुपसलेलं मला चालत नाही. खाली ठेवा तो पंप!"

मुकादमाने पंप खाली ठेवला. पुढे त्याने सगळ्यांना सांगितलं, की वजन फार होतं म्हणून ठेवला.

"पण डांबर?"

"पेटीभोवती घाला. काल संध्याकाळीच गच्ची झाडून ठेवलीय. आणि माश्या अंधार पडल्यावर बाहेर येत नाहीत, तेव्हा हा कोपरा संध्याकाळनंतर करा. एवढं साधं कळत नाही? मंडळात जाऊन शिका जरा!"

मामांनी तोंड उघडलं. त्यांना विचारायचं होतं, की अंधाराचं यांना कसं ठाऊक. काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला, तो चांगला जोरात दिला. मामांनी तोंड मिटलं.

गच्ची काळीभोर झाली. पेटी तिच्या कोपऱ्यात राहिली. छापखान्याचा मालक अधूनमधून कठड्यावरून डोकावून विचारी, "काय, पेटी येणार होती ना?" काकू म्हणत, "निघालीय की!" आणि ते खोटं नव्हतं. रोज उजाडता काकू पेटी एक हात पुढे ढकलत आणि रोज दुपारी जाऊबाई ती एक हात मागे ओढत. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. डांबरात बाबागाडीच्या चाकांच्या हातभर लांबीच्या दोन चकचकीत चाकोऱ्या पडल्या.

मग काकूंना ताप आला. त्या पांघरूण घेऊन पडून होत्या. दिवस बराच वर आला तेव्हा खोलीच्या दारात जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यांनी काकूंच्या कपाळाला हात लावला, उशी सारखी केली, खिडकी उघडली, मग लावली. गेल्या नाहीत.

"पेटी आज तिथेच आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"असू दे जाऊबाई. एक दिवस."

"असू दे काय? मंडळ चालवायचं म्हणजे काही शिस्त असते. एकीने पुढे ढकललीच नाही, तर दुपारी मी…"

आणि त्या थांबल्या. काकूंनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. आत त्या तापाने थरथरत होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

"दुपारी तुम्ही काय, जाऊबाई?"

जाऊबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी काकूंची शाल उलगडून त्यांच्या खांद्यांवर टाकली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मी हाताला धरते. जिना हळूहळू चढू. पण ढकलायची तूच. मी पेटी पुढे ढकलणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."